बत्तीसशे दाखवणारी चोवीसशेची रॅम

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा (चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीचा) स्पीड ३२०० दिसला म्हणजे रॅम ३२००चीच आहे, असं धरून चालू नका. जळगावातल्या एका दुकानात मला हेच दाखवून पैसे घेतले. मशीनमध्ये होत्या त्या जुन्या, २४००च्या स्टिक (रॅमच्या पट्ट्या). अशी फसवणूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

पाचोऱ्यात माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्नसराईत जुना पीसी पुरेना, म्हणून दिवाळीनंतर नवा असेंबल करून घेतला. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, रॅम आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर४ ३२००. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं नव्हतं. या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधलाच हिस्सा वापरतं. त्यामुळे दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही एकाच वेळी काम करतील अशा) लावल्या आणि त्या पूर्ण ३२००वर चालल्या, तर कामात फरक जाणवतो. म्हणूनच मी ३२००चा आग्रह धरला होता आणि दुकानदाराला कारणही सांगितलं होतं. मशीन चालू करून त्याने माझ्यासमोर टास्क मॅनेजर उघडला. "बघा भाऊ, बत्तीसशे." स्टिकवर काळं-लाल हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारं धातूचं कवच), बिलावर ‘१६ जीबी डीडीआर४ ३२००’. मॉडेल नंबर मात्र बिलावर नव्हता.

थंडीत काम कमी होतं, मशीन बरं चाललं. लग्नं सुरू झाली आणि व्हिडिओ एक्स्पोर्ट होता होता निळी स्क्रीन यायला लागली. कधी झिप फाइल उघडताना ‘फाइल खराब आहे’ असा मेसेज, तीच फाइल पुन्हा उघडली की नीट उघडायची. दुकानात फोन केला की उत्तर ठरलेलं: "भाऊ, ऊन केवढं आहे, मशीन गरम होणारच." खान्देशात वैशाखात पारा ४५च्या आसपास जातो, त्यामुळे ऐकणाऱ्याला हे लगेच पटतं. पण माझं मशीन मध्यरात्रीही बंद पडायचं, आणि तेव्हा प्रोसेसरचं तापमान ६५च्या पुढे नसायचं. मग विजेचं कारण आलं, मग विंडोजचं. विंडोज नवी टाकूनही त्रास तसाच राहिला.

निळी स्क्रीन परवडली, निदान ती दिसते तरी. कॅमेऱ्याच्या कार्डवरून फोटो कॉपी होतात तेव्हा ते रॅममधूनच डिस्कवर जातात. तिथे एखादा बिट उलटला तर चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाते, आणि साध्या डेस्कटॉपच्या रॅममध्ये ही चूक पकडायची सोय नसते. कॉपी पूर्ण झाल्याचंच दिसतं. भडगावकडच्या एका लग्नातले हळदीचे कितीतरी फोटो अर्धे करडे पडलेले निघाले. तोवर कार्ड पुढच्या लग्नात वापरून झालं होतं. नवरीच्या वडिलांना हे सांगताना मला फार वाईट वाटलं. अल्बमचे पैसे परत करता येतात, हळद परत लावता येत नाही.

शेवटी गावातल्याच दुरुस्ती करणाऱ्या एका पोराने बायॉस (विंडोजच्या आधी चालणारा, मशीनच्या सेटिंगचा प्रोग्राम) उघडून पाहिलं. रॅमचा स्पीड तिथे हाताने ३२०० लावलेला होता, व्होल्टेज १.४० केलेलं होतं आणि एक्सएमपी नावाचा (कंपनीने तपासलेल्या स्पीडचा) पर्यायच दिसत नव्हता. तो म्हणाला, "दादा, हे हातानं वाढवेल आहे. ही रॅम बत्तीसशेची नाहीच." आम्ही आधी त्या स्क्रीनचे फोटो काढले, मग बायॉस मूळ सेटिंगवर नेलं. स्पीड २४०० झाला आणि त्या दिवसापासून मशीन एकदाही अडकलं नाही.

रॅमच्या प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते. स्टिक कोणी बनवली, किती स्पीडची आहे, किती व्होल्टेज लागतं, हे त्यात लिहिलेलं असतं. डीडीआर४चे जेडेक या संस्थेने ठरवलेले स्पीड २१३३, २४००, २६६६, २९३३, ३२०० असे आहेत आणि व्होल्टेज १.२. ‘गेमिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ३२००, ३६००च्या स्टिकमध्ये कंपनीने स्वतः तपासलेलं वेगळं सेटिंग भरलेलं असतं, बहुधा १.३५ व्होल्टचं. त्याला एक्सएमपी म्हणतात. बायॉसमध्ये ते चालू केलं की स्टिक त्या स्पीडला जाते. हेही एका अर्थाने ओव्हरक्लॉकिंगच (मूळ स्पीडपेक्षा जास्त स्पीडने चालवणं), पण त्यामागे कंपनीची तपासणी आणि हमी असते. माझ्या मशीनमध्ये २४००च्या स्टिकना जास्त व्होल्टेज देऊन ३२००वर ओढलं होतं. काही स्टिक हे सोसतात, काही थोडा वेळ सोसतात. दुकानात पाच मिनिटं दाखवायला तेवढं पुरतं.

इथे प्रामाणिक दुकानदारावर उगाच आळ येऊ नये म्हणून हेही सांगायला हवं. खरी ३२००ची गेमिंग स्टिक एक्सएमपी चालू करेपर्यंत २१३३, २४०० किंवा २६६६ दाखवते, त्यात फसवणूक नाही. मशीनमधल्या भागांची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या ‘मेमरी’ पानावर ३२००ऐवजी १६००च्या आसपास आकडा दिसतो, तोही बरोबर असतो, कारण डीडीआरमध्ये घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती जाते. आणि १.२ व्होल्टची साधी ३२०० स्टिक एक्सएमपीशिवायही ३२००वर चालते. तिची लेटन्सी (माहिती मागितल्यापासून मिळेपर्यंत जाणारे घड्याळाचे ठोके, म्हणजेच सीएल) मात्र बहुधा सीएल २२ असते. लेटन्सीला २०००ने गुणून स्पीडने भागलं की नॅनोसेकंद मिळतात: सीएल १६ची ३२०० म्हणजे १०, सीएल २२ची ३२०० म्हणजे १३.७५, आणि सीएल १८ची ३६०० पुन्हा १०च. म्हणून नुसता मोठा आकडा पाहून जास्तीचे पैसे देऊ नयेत.

पाहायचं ते सीपीयू-झेडचं ‘एसपीडी’ पान. तिथे दोन्ही स्लॉट निवडून कंपनी, पार्ट नंबर, कमाल स्पीड आणि एक्सएमपीचा रकाना बघा. माझ्याकडे दोन्ही स्टिकवर कमाल २४०० होतं आणि एक्सएमपीचा रकाना रिकामा. एसपीडीसुद्धा खटपट करून बदलता येते, म्हणून पार्ट नंबर आणि सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर जुळवलेले बरे. आम्ही एक हीटसिंक सोडवलं, तर आत अर्धवट खरवडलेलं लेबल होतं, त्यावर ‘पीसी४-२४००टी’ एवढं वाचता आलं. वरचं हीटसिंक नंतर चिकटवलेलं. रॅमचे भाव २०२५च्या अखेरीपासून भडकलेत, त्यामुळे जुन्या मशीनमधून काढलेल्या स्टिक अशा सजवून विकण्याचा मोह वाढणार, असं मला वाटतं. नवीन मशीन घेतलं की पहिल्याच रात्री रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम लावून ठेवा. त्यात एकही चूक दिसली तर ती रॅम त्या सेटिंगवर कामाची नाही.

दुकानदाराचं म्हणणं, "तुम्हाला बत्तीसशे दाखवलं होतं ना?" मी बायॉसचे, एसपीडीचे आणि लेबलचे फोटो पुढे ठेवले, तेव्हा माल वरूनच असा आला म्हणाला. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. बिल जपून ठेवलेलं होतं आणि त्यावर ३२०० लिहिलेलं होतं, त्याचा इथे उपयोग झाला. कच्च्या चिठ्ठीवर माल घेणाऱ्याला हे सिद्ध करणं फार जड जातं. बिलावर पार्ट नंबर आणि सिरियल नंबर लिहून मागा, देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

तक्रारीनंतर त्याने रॅमचे पैसे परत करायची तयारी दाखवली आहे, लेखी मात्र काही द्यायला तो तयार नाही. खराब झालेल्या फोटोंबद्दल तर तो बोलायलाच तयार नाही. लेखी मिळेपर्यंत मी स्टिक त्याच्या हातात देणार नाही, कारण त्या परत गेल्या की दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनमध्ये बसतील.