सेलवर ९,८००, वजनकाट्यावर ३३

मी शिकलेला इलेक्ट्रिशियन नाही. पण आमच्या आळीतले बंद पडलेले टॉर्च, इस्त्र्या, रेडिओ माझ्याकडे येतात आणि बरेचसे चालू होऊन परत जातात. त्यामुळे बॅटरीच्या सेलमध्ये फसलो हे सांगायची लाज वाटते. तरी सांगतो, कारण पाठोपाठ मी दुसऱ्यांदा फसलो आणि ते जास्त महागात पडलं.

आमचं गाव चिपळूणजवळ. पावसाळ्यात लाईट गेली की तिच्या यायचा भरवसा नाही. मुलगी घरून काम करते. लाईटबरोबर वायफाय गेलं की तिची मीटिंग अर्धवट राहते आणि बोलणी मला बसतात. म्हटलं, बारा व्होल्टच्या राऊटरला आपणच एक बॅकअप करू. १८६५० नंबरचे तीन लिथियम सेल ओळीत जोडायचे (१८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून ते नाव), वर एक बीएमएसची पट्टी (सेल जास्त चार्ज किंवा पार रिकामे होऊ न देणारं सर्किट), झालं काम.

खरेदीच्या एका अ‍ॅपवर शोधलं तर एका विक्रेत्याकडे ९,८०० एमएएचचे (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) सहा सेल ७८० रुपयांत. साडेचार स्टार. मी मनात हिशोब मांडला: तीन सेलचे मिळून ११.१ व्होल्ट गुणिले ९.८ (९,८०० भागिले हजार), म्हणजे शंभराच्या वर वॉट-अवर. राऊटर आठ वॉट खातो. तेरा तास! लगेच मागवले.

इथेच माझी अक्कल शेण खायला गेली होती. या आकाराच्या डबीत मावून मावून किती मावणार? नामांकित कंपन्यांचे चांगले सेल वर्षानुवर्षं ३,५०० एमएएचच्या आसपास आहेत, साधे २,००० ते २,६००. हे मला ठाऊक होतं. तरी वाटलं, निघालं असेल काहीतरी नवीन.

सोल्डरिंग, खोकं, स्विच यात दहा-बारा दिवस गेले. (सेलला थेट सोल्डरिंग करू नये, उष्णतेने तो आतून बिघडतो. मी होल्डर वापरला, तेवढं एक शहाणपण.) पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा मी घड्याळ लावून बसलो. पन्नासाव्या मिनिटाला राऊटरचे दिवे विझले. मुलगी आतून म्हणाली, "बाबा, तेरा तास झाले का?"

क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर एकेक सेल लावला. ९४०, ८७०, ६१०. ओळीत जोडलेल्या सेलमध्ये सगळ्यात अशक्त जो, तो रिकामा झाला की बीएमएस सगळ्यांनाच बंद करतो. म्हणजे माझं खोकं त्या ६१० वाल्याच्या जिवावर चाललं होतं.

तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, वजन करून बघा ना." केकसाठी आणलेला ग्रॅमचा काटा तिने ओट्यावर ठेवला. ३३ ग्रॅम. माझ्याकडे जुन्या लॅपटॉपचा एक अस्सल सेल होता, तो ४६ भरला. चांगला सेल ४४ ते ४९ ग्रॅमच्या दरम्यान असतो. पार्सल फोडल्या दिवशी हा काटा काढला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

एका सेलचं निळं प्लास्टिकचं वेष्टण नखाने जरा सोललं. (फक्त वेष्टण. सेलच्या धातूला ब्लेड लावायचं धाडस कुणी करू नका, आग लागते.) खाली दुसरं, फिकट वेष्टण होतं आणि टोकाला पूर्वी पट्टी जोडलेल्या स्पॉट वेल्डिंगचे दोन बारीक ठिपके. म्हणजे कुठल्यातरी मेलेल्या बॅटरी पॅकमधून उपटलेला सेल, त्याला नवा झगा घातलेला. स्वस्त पॉवर बँकमध्ये आणि हातातल्या पंख्यातही अनेकदा असलाच माल असतो, तेव्हा २०,००० लिहिलेली पण हातात हलकी लागणारी पॉवर बँक घेऊ नका.

इथपर्यंत नुकसान ७८० रुपयांचं.

परत करायची सात दिवसांची मुदत टळून गेली होती. अ‍ॅपमध्ये मदतीचं पान सापडेना, म्हणून सरळ गुगलवर त्या अ‍ॅपचं नाव आणि कस्टमर केअर नंबर असं टाकलं. पहिलाच नंबर मोबाईलचा. लावला. पलीकडून स्वच्छ मराठी. "काका, तुमच्याकडे पाऊस आहे का हो?" असं विचारणाऱ्या माणसावर संशय कसा घेणार? ऑर्डर नंबर विचारला, पुटपुटत काहीतरी तपासल्याचं नाटक केलं आणि म्हणाला, मुदत संपलीय पण मी करून देतो. त्यासाठी एक छोटं अ‍ॅप घ्या, मी इकडून फॉर्म भरायला मदत करतो.

ते अ‍ॅप म्हणजे माझा स्क्रीन त्याला दाखवणारं. नाव साळसूद, स्टोअरवर अधिकृतपणे मिळणारं. फॉर्ममध्ये पैसे कुठल्या कार्डावर परत हवेत म्हणून नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. मी भरले. मग फोनच्या माथ्यावरून मेसेजची ती पांढरी पट्टी खाली सरकली, दोन सेकंद थांबली, वर गेली. पुन्हा एकदा आली.

मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही. हे पुढे बँकेत, पोलिसांत, घरी शंभरदा सांगितलं. खरंच नाही सांगितला. त्याने तो माझ्याच स्क्रीनवर वाचला.

९,९९९ आणि ८,४००. मेसेज वाचेपर्यंत लाइन कट.

त्यानंतर घाबरगुंडीतही एक गोष्ट बरोबर झाली. मुलीने आधी फोनचं नेट बंद केलं, ते अ‍ॅप काढलं, स्वतःच्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड ब्लॉक केलं आणि लगेच १९३० लावला. सायबर फसवणुकीचा हा सरकारी नंबर. तक्रारीचा क्रमांक मिळाला, बाकी तपशील सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर भरला. इथे वेळेला किंमत आहे. पैसा चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत गाठला तर तिथेच गोठवता येतो. आमचे ८,४०० असे अडकले. पहिले ९,९९९ गेले ते गेलेच.

बँकेने हात वर केले. रिझर्व्ह बँकेचं २०१७चं परिपत्रक होतं, पण त्यात चूक ग्राहकाची असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा होता. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं होतं. कार्डाचे आकडे मीच टाईप केले होते, भांडणार कुठल्या तोंडाने?

आणि ज्या नंबरासाठी हे सगळं रामायण झालं, तो अ‍ॅपमध्येच होता. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांनुसार प्रत्येक अ‍ॅपला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवावाच लागतो, ४८ तासांत पोच द्यावी लागते. अगदी तळाशी, बारीक अक्षरात असतो. तिथे कुणी ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५. मी तिथे तक्रार नोंदवल्यावर सेलचे ७८० रुपये नवव्या दिवशी परत आले, एकही अ‍ॅप न घेता.

गोठवलेल्या ८,४०० साठी अजून कागदपत्रं फिरताहेत. राऊटरला नवे तीन सेल बसवलेत, साडेतीनशेला एक. दुकानदारासमोर खिशातून वजनकाटा काढला तेव्हा तो हसला, पण ४७ ग्रॅम बघूनच मी पैसे दिले. जुने सहा पत्र्याच्या डब्यात, वाळूत पुरून, पडवीत ठेवलेत. ई-कचरा घेणारी गाडी आली की द्यायचे.