जर्सीतलं एक मत अन् शंभर डॉलर, कुठे टाकायचं?

नवीन सिटिझन झालात, राहायला न्यू जर्सीत, मत द्यायचंच आहे आणि वर कुणालातरी थोडे पैसेही द्यावे असं मनात असेल, तर दोन्हींचा भाव सगळीकडे सारखा नाही हे आधी बघा.

आधी मत. राष्ट्राध्यक्ष आपण थेट निवडत नाही, राज्याचे इलेक्टर, म्हणजे आपल्या वतीने राष्ट्राध्यक्षाला मत देणारे प्रतिनिधी, निवडतो, एकूण ५३८, २७० झाले की जिंकला, आणि मेन-नेब्रास्का सोडले तर राज्यात एका मताने पुढे असलेला सगळे इलेक्टर घेऊन जातो. जर्सीचे १४, पण १९९२ पासून ते दरवेळी डेमोक्रॅटलाच, म्हणजे तुम्ही कुठलंही बटण दाबा, फरक शून्य. ट्रेंटनचा पूल ओलांडून पलीकडे पेनसिल्वेनियात गेलात की १९ इलेक्टर, आणि २०१६ ला ते राज्य जेमतेम ४४ हजार मतांनी रिपब्लिकनकडे फिरलं, २०२० ला साधारण ८० हजारांनी परत डेमोक्रॅटकडे, २०२४ ला पुन्हा रिपब्लिकनकडे. मग जाहिराती, सभा, दारावर येणारी पोरं, सगळी गर्दी तिकडेच. २०१६ ला हिलरींना देशभरात ट्रम्पपेक्षा २८ लाखांहून जास्त मतं मिळूनही ट्रम्प आले ते याच हिशोबाने. (आपल्याकडे राष्ट्रपतीही आमदार-खासदारच निवडतात, पण तिथे १९७१ च्या लोकसंख्येवरून महाराष्ट्रातल्या आमदाराचं मत १७५ चं आणि गोव्यातल्याचं २० चं. इथे वायोमिंगची वस्ती सहा लाखांच्या आत, तरी ३ इलेक्टर फिक्स. मला तरी आपलं बरं वाटतं.)

आता पैसे, आणि खरी गंमत इथे आहे. पैशाला राज्याची हद्द नाही, जर्सीत बसून कुठल्याही राज्यातल्या उमेदवाराला देता येतात. ग्रीन कार्डवाल्यालाही चालतात, त्याला मत नसलं तरी! एच-वन-बीवाल्याला दोन्ही नाही. उमेदवाराला देणगीची मर्यादा आहे, २०२४ ला एका निवडणुकीसाठी माणशी ३,३०० डॉलर, पण सुपर पॅकला (उमेदवारापासून वेगळा राहून प्रचारावर खर्च करणारा गट) २०१० पासून कितीही द्या, मस्कनी २०२४ ला २५ कोटींच्या वर ओतले. तिथे तुमचे शंभर कुणाला दिसणार? शिवाय निवडणुकीआधीच्या ६० दिवसांत टीव्हीवाल्यांना उमेदवाराला सगळ्यात स्वस्त रेट द्यावाच लागतो, सुपर पॅकला नाही, म्हणजे तेच शंभर उमेदवाराच्या खात्यात जास्त चालतात.

माझं मत विचाराल तर राष्ट्राध्यक्षाचं मत द्या, द्यायलाच हवं, पण पैसा आणि प्रचाराला द्यायचे शनिवार-रविवार हाउसच्या (संसदेच्या खालच्या सभागृहाच्या) सीटवर लावा, तिथे इलेक्टरची भानगड नाही. जर्सीचा सातवा डिस्ट्रिक्ट, म्हणजे मतदारसंघ, २०१८ ला डेमोक्रॅटकडे गेला, २०२२ ला रिपब्लिकनकडे, अशा ठिकाणी थोडक्या मतांनाही वजन असतं. तुमचा डिस्ट्रिक्ट एकाच पार्टीचा गड असेल तर मग प्रायमरी, म्हणजे पार्टीचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक, चुकवू नका.

आणि हो, एका उमेदवाराला २०० डॉलरच्या वर दिलेत की नाव, गाव, नोकरी एफईसीच्या (निवडणुकीच्या पैशांवर लक्ष ठेवणारं सरकारी आयोग) साइटवर येते. अ‍ॅक्टब्लू (डेमोक्रॅटांसाठी) किंवा विनरेड (रिपब्लिकनांसाठी) या ऑनलाइन देणगीच्या साइटवरून दिलेत तर दहा डॉलरही दिसतात, ऑफिसातलं कुणीही सर्च मारू शकतं.