पॉइंट न विचारता चेअर बनवून देणारा

ज्या माणसाने मला लुबाडलं, त्याने पहिल्याच फोनवर माझी उंची विचारली, वजन विचारलं, कमरेची रुंदी विचारली, फ्रेमला रंग कोणता हवा तेही विचारलं. माझा पॉइंट किती, हे मात्र विचारलं नाही. फोन तिथेच ठेवायला हवा होता.

व्हीलचेअर बास्केटबॉल न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगते. प्रत्येक खेळाडूला शरीराच्या हालचालीनुसार १.० ते ४.५ यांमधला पॉइंट मिळतो आणि मैदानावरच्या पाच जणींची बेरीज १४ च्या वर जाऊन चालत नाही. मी २.०. छातीच्या दहाव्या मणक्याला इजा झाल्यापासून पुढे वाकून थोडंफार सावरता येतं, पण बाजूला झुकले की हाताचा आधार लागतोच. बास्केट करणं हे माझं मुख्य काम नाही. समोरच्या उंच खेळाडूच्या चाकाला चाक लावून तिला अडवायचं आणि आमच्या ४.० वालीला वाट करून द्यायची, यात माझी अकरा वर्षं गेली. हे काम प्रेक्षकांना दिसत नाही, पण बेरीज १४ मध्ये बसवणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाला माहीत असतं.

आणि हे काम चेअरवर अवलंबून असतं. १९६० साली रोममध्ये पहिल्या पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ झाला तेव्हा खेळाडू साध्या, रोजच्या वापरातल्या खुर्च्यांवर खेळले. आता तसं नाही. माझ्यासारखीची सीट मागे उतरती हवी, गुडघे कमरेपेक्षा वर, म्हणजे धक्का बसला तरी धड जागेवर राहतं. ४.५ वाली सपाट सीटवर शक्य तितकी उंच बसते. नियमही पॉइंटनुसार बदलतात: ३.० पर्यंत सीटची उंची ६३ सेंमीपर्यंत चालते, ३.५ पासून पुढे ५८. म्हणजे पॉइंट कळल्याशिवाय कारागिराला कागदावर पहिली रेघही ओढता येत नाही.

माझ्या जुन्या चेअरचा वेल्ड दुसऱ्यांदा तडकला होता आणि निवड शिबिर तोंडावर आलं होतं. खेळाडूंच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा नंबर टाकला. टाकणारीने स्वतः त्याच्याकडून काही घेतलेलं नव्हतं, हे नंतर कळलं. त्याने वर्कशॉपचा व्हिडिओ पाठवला, दोन-तीन मोठ्या खेळाडूंची नावं घेतली. बोलणं गोड, आणि आमच्या खेळातले शब्द अचूक. अर्धी रक्कम आधी दिली. मग आयात शुल्क. मग ‘पाठवण्याआधी उरलेले द्या, नाहीतर तुमची फ्रेम दुसऱ्याला जाईल’. प्रत्येक वेळी खातं वेगळं आणि प्रत्येक वेळी कुणा माणसाच्या नावावरचं. दीड वर्षाची बचत तीन हप्त्यांत गेली.

चेअर आली, हेच वाईट झालं. आली नसती तर मी त्याच आठवड्यात बँकेत आणि पोलिसांत गेले असते. ती आल्यामुळे वाटलं, माणूस खरा आहे, काहीतरी चूक झाली असेल. सीट सपाट होती. पहिल्याच टकरीत मी पुढे तोंडावर पडले. पुढची आडवी नळी जमिनीपासून १४ सेंमीवर होती. ती ११ वर असावी लागते, म्हणजे सामन्याआधीच्या तपासणीतच चेअर बाद. तो म्हणाला, ‘आठ दिवसांत माणूस पाठवतो.’ ते आठ दिवस चार महिने चालले आणि त्या चार महिन्यांत मी त्याच चेअरवर सराव करत राहिले, कारण फसले हे टीमला सांगायची लाज वाटत होती.

पुश मारला, म्हणजे हातांनी चाकं ढकलली, की चेअर जायची आणि लगेच मरायची. नियमाप्रमाणे दोन पुश झाले की चेंडू ड्रिबल करावा लागतो किंवा सोडावा लागतो. ज्या अंतरात इतर दोन पुशमध्ये पोचत, तिथे मला तिसरा लागायचा. मला वाटलं, वय झालं. आमच्या जुन्या मेकॅनिकने शेवटी टेप लावली. तिरक्या चाकांमधलं अंतर अक्षाच्या उंचीवर पुढून आणि मागून सारखं यायला हवं. माझ्या चेअरला पुढून दीड सेंमी जास्त निघालं. चाकं आयुष्यभर ब्रेक लावल्यासारखी फिरत होती. मग त्याने फ्रेमला चुंबक लावलं. ते चिकटलं. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. मी रंगवलेलं लोखंड ढकलत होते आणि त्याची किंमत उजव्या खांद्याने दिली. शिबिर गेलंच, मागोमाग पूर्ण मोसम गेला. ज्या हातांनी खेळायचं त्याच हातांनी मला पलंगावर चढायचं असतं, हे त्या माणसाला ठाऊक होतं. त्याला आमच्याबद्दल सगळं ठाऊक होतं.

तुम्ही ऑर्डर देणार असाल तर आधी त्या माणसाने बनवलेल्या चेअरवर रोज खेळणाऱ्या खेळाडूशी स्वतः बोला, शक्य असेल तर तिच्या चेअरवर बसून बघा. सीटची पुढची-मागची उंची, कॅम्बरचा म्हणजे चाकांच्या तिरकेपणाचा कोन आणि फ्रेमचा धातू लेखी घ्या. उरलेले पैसे चेअरवर बसल्यानंतरच द्या. त्याला हे मान्य नसेल तर जुन्याच चेअरला वेल्ड मारून घ्या. आणि चुकून पैसे गेलेच, तर बँकेला त्याच तासाला कळवा. मी चार महिन्यांनी गेले तेव्हा तिन्ही खाती रिकामी होती. तक्रार नोंदवली आहे, पुढे काही झालेलं नाही.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट नंतर कळली. ‘मापासाठी’ म्हणून त्याने जुन्या चेअरमधले माझे फोटो मागवले होते आणि ‘सवलतीसाठी’ हॉस्पिटलचे कागद. मी विचार न करता दिले. आम्हाला प्रत्येक ठिकाणी कागद दाखवायची सवयच लागलेली असते. गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा रडत फोन आला, ‘तुझी तब्येत इतकी बिघडली आणि सांगितलं नाहीस?’ माझा फोटो, माझा एक्स-रे, खोटं नाव आणि ऑपरेशनसाठी मदतीची हाक. तिने पैसेही पाठवले होते. ज्या फोटोत मी नुकताच सामना जिंकून बसले होते, त्याच फोटोखाली मला मरणाच्या दारात बसवलं होतं. कागदावर आडवी रेघ मारून त्यावर ‘फक्त चेअरच्या मापासाठी’ असं लिहून दिलं असतं तरी त्याला ते वापरणं अवघड गेलं असतं. तुम्ही निदान तेवढं करा.

एक आवाहन बंद पाडलं की दुसरीकडे दिसतं. निळी जर्सी, सात नंबर, डाव्या चाकाच्या नळीवर पांढरी पट्टी गुंडाळलेली. तो फोटो समोर आला तर पैसे पाठवू नका, तिथेच तक्रार करा. ती मी आहे, माझं कुठलंही ऑपरेशन नाही, आणि मी कुणाकडेही पैसे मागितलेले नाहीत.