अ‍ॅनिमिया प्रोफाइल पॅकेज: पैसे वसूल, पण एचपीएलसी आणि स्मिअर आत हवं होतं

अंगात रक्त कमी आहे म्हटलं की लगेच लोहाच्या गोळ्या सुरू होतात, पण ते नेमकं कशामुळे कमी झालंय हे कोणी बघतच नाही, म्हणून या वेळी आईचं आणि धाकट्या बहिणीचं दोघींचंही नुसतं हिमोग्लोबिन न करता लॅबचं पूर्ण अ‍ॅनिमिया प्रोफाइल घेतलं. यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), सीरम आयर्न (रक्तातलं लोह), टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून न्यायची क्षमता), बी१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वं, आणि रेटिक काउंट (नव्या लाल पेशी) येतं.

घरी सॅम्पल घ्यायला आलेला मुलगा एकदम व्यवस्थित होता, सकाळीच आला, ट्यूबवर नाव आमच्यासमोर लिहिलं, आणि जांभळ्या झाकणाची ट्यूब हलकेच उलटी-सुलटी केली, खळाखळा हलवली नाही. छोटी गोष्ट वाटते पण त्या ट्यूबमध्ये गुठळी झाली तर सीबीसीचे आकडेच चुकतात.

आता रिपोर्ट. बहिणीचं हिमोग्लोबिन १०.८, बायकांमध्ये १२ च्या खाली अ‍ॅनिमिया धरतात. एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ६४, म्हणजे लाल पेशी खूपच बारीक (नॉर्मल ८० ते १००). एवढंच बघितलं तर कोणीही लोहाची कमतरता म्हणेल, आणि तेच म्हणून तिला आधी कितीतरी महिने गोळ्या दिल्या होत्या, पोट बिघडलं, शी काळी झाली, हिमोग्लोबिन मात्र जागचं हललं नाही. पण यात फेरिटिन ५८ आलं, म्हणजे लोहाचा साठा ठीक, आणि आरबीसी (लाल पेशी) काउंट ५.६, अ‍ॅनिमिया असून पेशींची संख्या उलट जास्तच! एमसीव्हीला आरबीसीने भागलं की ११.४ येतं आणि १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा (आईवडिलांकडून येणारा, हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा सौम्य दोष) संशय घ्यायचा. डॉक्टरांनी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी तपासणी) करायला सांगितली, त्यातला एचबीए२ हा प्रकार ५.१ टक्के आला (३.५ च्या वर असलं की बीटा थॅलेसेमिया मायनर). गोळ्या बंद. लग्न ठरतंय तिचं, त्यामुळे हे आत्ता कळलं ते फार बरं झालं, कारण नवराही कॅरिअर (म्हणजे मायनरवाला) निघाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते.

आईचं बरोबर उलटं, एमसीव्ही १०८ आणि बी१२ खूपच कमी, पायाला मुंग्या येतात म्हणायची ते यामुळेच. तिला इंजेक्शनं चालू केलीत. इथे बी१२ न बघता नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं असतं तर हिमोग्लोबिन सुधारलं असतं पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहिलं असतं.

तक्रारी दोन. एचपीएलसी आणि पेरिफेरल स्मिअर (काचेवर रक्त पसरून पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) पॅकेजमध्ये नाहीत, वेगळे पैसे भरून करावे लागतात. आणि रिपोर्टवर फेरिटिनपुढे नुसतं ‘नॉर्मल’ छापतात, ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढतं ही एक ओळ तरी लिहा ना, लोक त्यावर विसंबून बसतात.

पुरुषांना किंवा पाळी बंद झालेल्या बायकांना फेरिटिन कमी आलं तर गोळ्यांवर भागवू नका, पोटात कुठे रक्तस्राव होतोय का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. बुकिंग करताना एचपीएलसी आणि स्मिअर सोबतच सांगा, परत टोचावं लागत नाही. माझ्याकडून चार स्टार.