जर्मनीचं ब्लॉक्ड अकाउंट : सेवा चांगली आहे, पैसे अडकतात ते आपल्याकडच्या काउंटरवर

जर्मनीत शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या घरातून जी सगळ्यात मोठी एकरकमी रक्कम बाहेर पडते, ती बहुतेक वेळा फीची नसते. तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाहीच. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो द्यावे लागतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं 2024च्या हिवाळी सत्रापासून फी लावली, हे त्यातले मोठे अपवाद. मोठी रक्कम जाते ती ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे वर्षभराचा राहणीखर्च हाताशी आहे हे व्हिसासाठी दाखवणाऱ्या खात्यात : 11,904 युरो. युरो 100 रुपयांना धरला तरी 11 लाख 90 हजार. हे पैसे आधी पूर्ण भरायचे, व्हिसाच्या फाइलला त्याचं पत्र जोडायचं आणि तिकडे पोचल्यावर दरमहा 992 युरोप्रमाणे परत घ्यायचे.

पूर्वी हे खातं डॉइच बँकेत उघडायची पद्धत होती. त्या बँकेनं 2022मध्ये परदेशी विद्यार्थ्यांची नवी ब्लॉक्ड खाती घेणं थांबवलं. आता एक्स्पाट्रिओ, फिंटिबा, कोराकल अशा ऑनलाइन सेवांकडे सगळे जातात. सुरुवातीची फी साधारण 50 ते 100 युरो, शिवाय बहुधा महिन्याला 5 युरोच्या आसपास. सवलती सतत बदलतात, म्हणून निव्वळ सुरुवातीची फी पाहू नका. सुरुवातीची फी आणि बारा महिन्यांचं शुल्क अशी बेरीज करून तुलना करा. खातं प्रत्यक्षात कुठल्या बँकेत राहणार हेही वाचून घ्या. जर्मन बँकेतल्या ठेवीला कायद्यानं 1 लाख युरोपर्यंत संरक्षण आहे, त्यामुळे रकमेच्या सुरक्षिततेची चिंता नको. व्याज मात्र मिळणार नाही असंच धरून चाला.

या सेवांबद्दल आमचं मत चांगलं आहे. फॉर्म इंग्रजीत आहे, ओळख पडताळणी घरबसल्या होते, पूर्ण रक्कम पोचली की पत्र लगेच येतं. तिघांत एक निवडताना आठवडाभर डोकं खाजवण्यात अर्थ नाही. खरा फरक पडतो तो पैसे कुठून, कुणाच्या नावानं आणि कसे पाठवले यानं, आणि त्याबद्दल या सेवांच्या मदतपानांवर फार त्रोटक लिहिलेलं असतं. भारतीय बँकेच्या काउंटरवर काय होतं हे त्यांना माहीत असणं कठीणच आहे.

नावापासून सुरुवात

खातं उघडायला प्रवेशपत्राची वाट पाहायची गरज नाही, पासपोर्ट पुरतो. पण नाव पासपोर्टात जसं आहे तसंच हवं, एका अक्षराचाही फरक नको. आपल्याकडे गोंधळ इथेच होतो. पासपोर्टात बहुतेक मराठी मुलांचं स्वतःचं आणि वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये एकत्र असतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, काही ठिकाणी पुढे आईचंही नाव असतं. फॉर्म भरताना वडिलांचं नाव 'मिडल नेम' म्हणून गाळलं, तर पुढे येणाऱ्या पत्रातही ते गळतं. पासपोर्टाच्या फोटोच्या पानावर सगळ्यात खाली कोनदार चिन्हांच्या दोन ओळी असतात. त्यांतल्या पहिल्या ओळीत आडनाव, मग दोन चिन्हं, मग बाकीचं सगळं नाव असा क्रम असतो. फॉर्म त्या ओळीशी ताडून भरा. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधी उरका. पत्रावर पासपोर्ट क्रमांक छापला जातो आणि नवा पासपोर्ट आला की ते पत्र जुळत नाही.

पैसे पाठवणं

खातं मंजूर झालं की आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक), स्विफ्ट कोड (बँकेची ओळख सांगणारा) आणि एक संदर्भ क्रमांक मिळतो. रक्कम युरोतच पाठवायची, रुपये किंवा डॉलरमध्ये नाही. बरोबर लागतं ते असं : प्रवेशपत्र, विद्यार्थ्याचा पासपोर्ट, पाठवणाऱ्याचं पॅन, खात्याच्या तपशिलाचं पत्र आणि बँकेचा ए-2 फॉर्म. फॉर्मवर हेतूचा कोड शिक्षणाचा, म्हणजे एस 0305 टाकायचा. काउंटरवरच्या माणसानं घाईत 'कुटुंबाचा निर्वाह' किंवा 'परदेशी बँकेत ठेव' असं काही निवडलं तर कराची गणितं बदलतात, त्यामुळे सही करण्याआधी तो रकाना स्वतः वाचा.

घरचं खातं पतपेढीत किंवा जिल्हा बँकेत असेल तर पैसे थेट तिथून जाणार नाहीत. परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेतूनच हे करता येतं. सारस्वतसारख्या मोठ्या नागरी सहकारी बँकांकडे तो आहे, लहान बँकांकडे सहसा नसतो. मग आधी राष्ट्रीयीकृत किंवा खाजगी बँकेत खातं उघडून रक्कम तिथे वळवावी लागते. नव्या खात्यात एकदम बारा लाख आले की बँक पैशांचा स्रोत विचारते. एफडी मोडल्याची पावती, जमीन विकल्याचा दस्त, कर्जवाटपाचं पत्र, जे असेल ते हाताशी ठेवा. तालुक्याच्या शाखेत परकीय चलनाचं काम महिन्यातून एखादं येतं, आणि कागद तिथून मुंबई-पुण्याच्या फॉरेक्स विभागाकडे जातात. शक्य असेल तर थेट तशा मोठ्या शाखेत जा.

सगळ्यात जास्त पत्रं अडकतात ती दोन कारणांनी. पहिलं कारण शुल्काचा पर्याय. परदेशी ट्रान्सफरला तीन पर्याय असतात : ओयूआर, एसएचए आणि बीईएन. एसएचए निवडलं तर वाटेतली मध्यस्थ बँक आपलं शुल्क त्याच रकमेतून कापते. 11,904 पाठवले आणि 11,884 पोचले, तर खातं अपूर्ण राहतं आणि पत्र येत नाही. मग उरलेल्या 20 युरोंसाठी पुन्हा ए-2, पुन्हा ट्रान्सफरचं शुल्क, पुन्हा चार दिवस. म्हणून ओयूआर सांगा, म्हणजे सगळं शुल्क पाठवणाऱ्याच्या माथी येतं आणि पूर्ण रक्कम पोचते. सेवेची स्वतःची फी आणि ती सुचवते ती वाढीव रक्कम, बहुधा शंभरेक युरो, त्यातच मिळवून पाठवा. वाढीव रक्कम बुडत नाही, खात्यातच राहते.

दुसरं कारण संदर्भ क्रमांक. तो फॉर्मवर लिहिला म्हणजे संदेशात गेलाच असं नाही. ट्रान्सफर झाल्यावर बँकेकडून स्विफ्ट कॉपी, म्हणजे तिनं पाठवलेल्या संदेशाची प्रत, मागून घ्या. त्यात लाभार्थ्यासाठीच्या मजकुराच्या रकान्यात तो क्रमांक दिसतो का, शुल्काच्या रकान्यात ओयूआर आहे का, आणि रक्कम युरोत आहे का, एवढ्या तीन गोष्टी बघा. क्रमांक नसेल तर पैसे जर्मनीत पोचूनही कुणाच्या नावावर जमा करायचे हे तिथल्या माणसाला कळत नाही. अशा वेळी तीच स्विफ्ट कॉपी सेवेच्या पोर्टलवर चढवली की काम पुढे सरकतं.

आता दर. बँक सांगते तो विक्रीदर आणि बाजारातला मध्य दर यांत युरोमागे एक रुपयाचा फरक असला तरी या रकमेवर 11,904 रुपये जातात. ब्लॉक्ड अकाउंटची वर्षभराची फीही जवळपास एवढीच होते, आणि तरी लोक फीमधल्या दहा युरोंवर वाद घालत बसतात. दोन-तीन बँकांकडून एकाच दिवशी, एकाच तासात दर विचारा आणि घासाघीस करा. एवढ्या रकमेला शाखाधिकारी दर खाली आणून देतात. चलन बदलावरचा जीएसटी दहा लाखांच्या वर अगदी सौम्य चढतो; बारा लाखांवर साधारण हजार रुपये होतो.

टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर, त्याचं गणित वेगळं. एप्रिल 2025पासून एका पॅनवर एका आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत काही कापलं जात नाही. मर्यादेच्या वरच्या रकमेवरच कापतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर टीसीएस नाही. स्वतःचे पैसे असतील तर एक भाग वडिलांच्या आणि एक आईच्या पॅनवरून पाठवता येतो, कारण मर्यादा माणशी आहे. मात्र दोन खात्यांतून आलेले पैसे चालतील ना, हे सेवेला आधी विचारा आणि दोन्हींवर तोच संदर्भ क्रमांक टाका. कापलेला टीसीएस बुडत नाही. ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या 26एएसमध्ये (प्राप्तिकर खात्याकडच्या कर-नोंदींच्या उताऱ्यात) दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. पॅन कुणाचं वापरायचं हे त्या हिशेबानं ठरवा.

वेळेचं भान ठेवा. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांची एकदम झुंबड उडते. त्यात पंधरा ऑगस्ट, गणपती आणि शनिवार-रविवार जोडून आले की बँकेचे चार दिवस हातचे जातात. पैसे पोचायला सुरळीत असेल तर दोन ते पाच कामाचे दिवस धरा, व्हिसाच्या भेटीआधी किमान तीन आठवडे सुरुवात करा.

विमा एकत्र घ्यावा का

बहुतेक सेवा खात्यासोबत आरोग्य विम्याचं पॅकेज देतात. सरकारी योजनेतला विमा, म्हणजे टीके किंवा एओके वगैरे विमा संस्थांचा, पॅकेजमधून घेतला काय आणि थेट घेतला काय, हप्ता तोच. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला महिन्याला साधारण 140 ते 150 युरो. पॅकेजमध्ये प्रवासाच्या काळापुरता विमा बहुधा फुकट मिळतो, तो घ्यावा. पण स्वस्त दिसतो म्हणून पूर्ण शिक्षणासाठी खाजगी विमा निवडायचा असेल तर थांबा. विद्यार्थ्यानं एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली की त्या शिक्षणक्रमात परत येता येत नाही. तिशी ओलांडलेल्यांचा प्रश्न निराळा, त्यांना विद्यार्थी दर मिळतच नाही.

पोचल्यावर

पहिला हप्ता विमानतळावर उतरताच मिळत नाही. आधी राहत्या घराची नोंदणी, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद, मग जर्मन चालू खातं, मग त्याचा आयबॅन ब्लॉक्ड अकाउंटला कळवायचा. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. घराची अनामत कायद्यानं तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते आणि तीही याच काळात मागतात. फॉरेक्स कार्डवर किमान 1,500 युरो वेगळे न्या. टपालपेटीवर आपलं आडनाव लावायला विसरू नका. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि बँकेचं कार्ड, पिन, कर क्रमांक हे सगळं टपालानंच येतं.

992 युरो पुरतात का? हा आकडा जर्मन विद्यार्थ्यांच्या सरकारी मदतीच्या कमाल रकमेवरून आला आहे : रोजच्या खर्चाचे 475, घराचे 380, आरोग्य विम्याचे 102 आणि सुश्रूषा विम्याचे 35. घराचे 380, हे नीट बघा. म्युनिकमध्ये शेअरिंगच्या खोलीला 800च्या आसपास मोजावे लागतात. केमनिट्ससारख्या गावात त्याच्या निम्म्याहून कमी. स्टुडिरेंडनवेर्कच्या (विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थेच्या) वसतिगृहात खोली मिळाली तर हिशेब बसतो, म्हणून प्रवेश मिळाल्या दिवशीच तिथे अर्ज टाका. मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी अनेक महिन्यांची असते. रेडिओ-टीव्हीचं 18.36 युरो मासिक शुल्क घरामागे एकदाच असतं, शेअरिंगमध्ये वाटून घ्या. कामाची परवानगी वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस आहे, पण पहिल्या सत्रात काम मिळेलच असं धरून खर्चाचा आराखडा करू नका. हप्ता ठरल्यापेक्षा जास्त उचलता येत नाही. म्युनिक किंवा फ्रँकफर्टला जाणाऱ्यांनी खात्यात जास्त रक्कम भरून मासिक हप्ता वाढवून घेता येतो का, ते सुरुवातीलाच विचारावं.

व्हिसा नाकारला गेला तर नकाराचं पत्र पाठवून खातं बंद करता येतं आणि रक्कम परत येते. दोन वेळा चलन बदलल्याचं नुकसान मात्र आपलंच. दुसऱ्या वर्षी निवासपरवाना वाढवताना पुढच्या काळाची तरतूद पुन्हा दाखवावी लागते. खात्यात पुन्हा पैसे भरता येतात, किंवा नोकरीचा करार आणि पगाराच्या पावत्याही चालतात. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात वेळ मिळायला उशीर होतो, त्यामुळे परवाना संपायच्या तीन महिने आधी अर्ज टाका आणि अर्ज मिळाल्याची पोच सांभाळून ठेवा.