पेलेट सायझिंग डाय: हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत वापरल्यावरचा अनुभव (इंदूर)

मंडळी, इंदुरात एअर रायफलवाले आपण बरेच जण आहोत आणि भेटलं की प्रश्न एकच, ती सायझिंग डाय, म्हणजे पेलेट (एअर रायफलची शिशाची छोटी गोळी) ज्या भोकातून ढकलून एका मापात आणतात ते साधन, घ्यावी का, खरंच फरक पडतो का. मी हिवाळ्यापासून वापरतोय, आता पावसाळाही निघत आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो, घ्या, पण स्वतःच्या नळीचं माप घेऊन घ्या, मित्राच्या रायफलला चालली म्हणून तीच डाय तुम्हाला चालेल असं अजिबात नाही.

आणखी एक गोष्ट आधी मिटवतो. अमेरिकेतले व्हिडिओ बघून पोरं विचारतात, काका आपणही काडतुसाचं पितळी कवच (केस) परत मापात आणून, म्हणजे रिसाइज करून, काडतूस भरायचं का. नाही. तिकडं हरणाच्या शिकारीवाले .३०८ बोअरच्या रायफलची झाडलेली केस परत वापरतात. बार उडाला की आतला दाब ६२,००० पीएसआयपर्यंत जाऊ शकतो, पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसतं म्हणून गॅस मागं येत नाही, दाब गेला की थोडं आकसतं पण मूळ मापावर येत नाही, म्हणून ल्यूब लावून डायमध्ये दाबावं लागतं. त्यातही जाणकार माणूस बोल्ट रायफलसाठी केसचा खांदा (गळ्याखालचा उतार) जेमतेम दोन थाऊ (इंचाचे हजारांश), म्हणजे ०.०५ मिमी मागं सरकवतो, कारण जास्त सरकवला तर दर फायरला पितळ ताणलं जातं, बुडाच्या थोडं वर पातळ होत जातं आणि शेवटी तिथूनच केस तुटते. आपल्याकडं परवान्याशिवाय काडतूस भरणं १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे आणि शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, तेव्हा तो विषय इथंच संपला. .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल बिनपरवान्याची चालते, ती कागदावर चालवा, पाखरांवर नाही. पण गरजेपुरतंच दाबायचं हा त्यांचा नियम आपल्या पेलेटलाही लागू आहे आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आता आपल्या कामाचं. पेलेट शिशाचं, नखानं दाबलं तरी खूण उठते. डबा कुरियरनं येईपर्यंत स्कर्ट, म्हणजे पेलेटची मागची पोकळ कड, कुठं चेपलेला, कुठं लंबगोल झालेला असतो, स्वस्तातल्या देशी डब्यात तर मुठीमुठीनं असले निघतात. स्कर्टचं काम हवेच्या दाबानं फुलून नळी सील करणं आणि रायफलिंग (नळीतल्या पिळाच्या खाचा) पकडणं, तोच वाकडा असेल तर एका बाजूनं हवा निसटते, वेग दर वेळी वेगळा आणि कागदावर गोळी भलतीकडं. डायचं तत्त्व सोनाराच्या तार ओढायच्या पट्टीसारखंच, ठरलेल्या मापाच्या भोकातून माल काढायचा की सगळा एकसारखा.

माझी डाय सांवेर रोडवरच्या एका ओळखीच्या लेथवाल्याकडून करून घेतलीय. ओएचएनएस (कडक होणारं टूल स्टील) चा तुकडा, ड्रिल मारून मग ४.५ मिमीचा एच७ रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापात साफ करायचं हत्यार. या रीमरनं भोक ४.५०० ते ४.५१२ मध्ये येतं, आपल्याला तेवढं पुरतं. करून घेणाऱ्यांनी दोन गोष्टींवर अडून बसा. एक, तोंडाशी हलका उतार आणि त्याला आरशासारखं पॉलिश, नाहीतर शिसं आकसायच्या ऐवजी खरवडलं जातं आणि डायच्या तोंडाशी चकचकीत कीस जमतो. दुसरं, ढकलायची पिन पितळी, सपाट तोंडाची आणि भोकापेक्षा किंचितच बारीक हवी म्हणजे जोर स्कर्टच्या कडेवर सगळीकडून सारखा येतो, बारीक टोकाची सळई घेतली तर ती पोकळीत घुसून पेलेट कमरेपाशी लांब करते. पेलेट डोक्याकडून घालायचं, अंगठ्यानं एकच सरळ दाब, ठोकायचं नाही.

माप कसं ठरवायचं? पेलेट ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात, ठेवल्यावर बोटाच्या हलक्या दाबानं बसलं पाहिजे, आपोआप आत घसरलं तर सैल, नखानं रेटावं लागलं तर घट्ट. ब्रेक बॅरल स्प्रिंगवाल्यांनी (नळी खाली मोडून स्प्रिंग ताणायची रायफल) इथं जास्त जपावं. स्कर्ट फार बारीक केला तर पेलेट लवकर निसटतं, पिस्टनसमोर हवेची गादी नीट तयार होत नाही, पिस्टन पुढं जाऊन आपटतो, आवाजावरूनच कळतं. तो मार शेवटी सील आणि स्प्रिंगवर येतो. मायक्रोमीटर वापरत असाल तर रॅचेटनंच (टोकाची टकटक करणारी मूठ) फिरवा, शिसं मऊ आहे, माप घेतानाच चेपतं.

निकाल म्हणाल तर १० मीटरवर बसून, रेस्टवर, देशी डब्यातला जो एखादा शॉट उगाच बाहेर पळायचा तो जवळजवळ बंद झाला. ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) आता बहुतेक वेळा दहाच्या नाण्याखाली झाकला जातो, आधी तसं क्वचित व्हायचं. चांगल्या इम्पोर्टेड मॅच पेलेटवर मात्र मला फरक दिसला नाही, ती आधीच ४.४९, ४.५० अशा हेड साइजनं (डोक्याच्या मिमी मापानं) वेगळी करून विकतात, त्यांना डायमधून काढणं म्हणजे फुकटची मेहनत, आणि स्पर्धेचा मुलगा असेल तर मुळीच काढू नका, तिथं १० चा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो, पेलेटला जितका कमी हात लागेल तितकं बरं. आणि डोकंच नळीला बारीक असेल तर डाय काही करू शकत नाही, डाय फक्त कमी करते, वाढवत नाही.

वजन करून निवडायचाही प्रयोग केला, सराफ्यातून छोटा दागिन्यांचा काटा आणून. ०.५२ ग्रॅमच्या आसपासच्या पेलेटमध्ये फरक निघतो खरा, पण १० मीटरला तो कागदावर उतरत नाही, २५ च्या पुढं मारणाऱ्यांनी करावं. त्यापेक्षा धुणं कामाचं. भांड्याच्या साबणाच्या पाण्यात हलवून काढली की काळी पूड निघते, मग फडक्यावर पूर्ण सुकवून तेलाचा अगदी पुसट हात. स्प्रिंगरमध्ये तेल जास्त झालं की ते पेट घेतं, नळीतून धूर आणि मोठा आवाज येतो, म्हणून पुसटच. पावसाळ्यात न धुतलेल्या डब्यात पांढरी बुरशीसारखी पूड धरते, ती शिशाचं कार्बोनेट, तिला फुंकर मारू नका.

काम झाल्यावर हात साबणानं धुवायचेच, पेलेट तोंडात धरायची सवय असेल तर आजच सोडा, आणि हे सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावर नको. माझ्याकडं वेगळा ट्रे आहे, डाय, पिन, फडकं सगळं त्यातच, लहान मुलांच्या हाताला न लागेल असं वर ठेवलेलं. पीसीपीवाल्यांना (आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) मॅगझिन अडकत असेल तर ४.५२ ची डाय करून बघा, ४.५० वर लगेच जाऊ नका.