अल्टाडिनाच्या आगग्रस्तांच्या नावाखाली आमचे ५,७७५ डॉलर गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आधीच सांगते, मी भाबडी नाही. केवायसी संपलंय, रात्री लाइट कापणार, डिजिटल अरेस्ट, हे सगळे प्रकार पुण्यात आईबाबांना फोनवर मीच समजावलेत, आणि तरी इथे लॉस एंजेलिसजवळ राहून मला ५,७७५ डॉलरला गंडवलं. त्यातले १,५०० माझे. बाकीचे ४,२७५ आमच्या मराठी ग्रुपमधल्या लोकांचे, गणपतीत आरतीला सगळे जमले होते तेव्हा मीच मागितलेले. लोकांचे पैसे मी बचतीतून परत केले, पण त्यांच्यासमोर जायची अजून लाज वाटते.

लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडिना वस्तीत लागलेल्या आगीबद्दल, म्हणजे ईटन फायरबद्दल, इथल्या कोणाला सांगायला नको. ७ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ, ९,४०० च्या वर बांधकामं जळाली, आणि लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेला तर घरं सोडायचे आदेश पहाटे तीननंतर आले, गेलेली माणसं जवळपास सगळी तिकडचीच. सुरुवातीला मदतीचा पूर असतो, कपडे आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायला जागा नव्हती. खरे हाल नंतर सुरू होतात. विम्याचे पैसे आणि बांधकामाचा खर्च यांचा मेळ बसत नाही, भाड्यासाठी विम्यातून मिळणारे पैसे संपत येतात, परमिट, माती तपासणी, आर्किटेक्ट, आणि तोवर देणारे लोक पुढच्या संकटाकडे वळलेले. हे ठाऊक होतं म्हणून मला मुद्दाम लाँग टर्म रिकव्हरीलाच, म्हणजे घरं पुन्हा उभी राहीपर्यंतच्या मदतीलाच, द्यायचे होते. मला गंडवणाऱ्या माणसाने नेमकं तेच पकडलं.

आगग्रस्तांसाठी देणगी मागणारा त्याचा फ्लायर ग्रुपवर फॉरवर्ड होऊन आला. त्यावरच्या नंबरवर फोन केला तर बोलायला अतिशय अदबशीर, स्वतःला केस मॅनेजर (आगग्रस्त कुटुंबाला मदत मिळवून देणारा) म्हणवणारा, 'अनमेट नीड्स' (बाकी मदत मिळूनही उरलेली गरज), 'फिस्कल स्पॉन्सर' (छोट्या संस्थेला आपल्या नोंदणीखाली घेणारी मोठी संस्था) हे शब्द असे सहज वापरत होता की ज्याने ते काम केलंय त्यालाच जमावेत. आगग्रस्तांसाठी झालेल्या फायरएड कॉन्सर्टचे साधारण १० कोटी डॉलर थेट कुटुंबांच्या हातात न जाता संस्थांना गेले, त्यावरून उन्हाळ्यात इथे केवढा गदारोळ झाला होता, तर हा म्हणाला आमच्यात मधे कोणी नाही, तुम्ही एक कुटुंब निवडा, पैसे त्यांच्याच घराला लागतील. वर एका मोठ्या फाउंडेशनची मॅचिंग ग्रँट, ३० सप्टेंबरच्या आत दिलं तर प्रत्येक डॉलरचे दोन होणार. तारीख दिली की माणूस धावतो, हे यांना बरोबर माहीत असतं.

आणि मी तपासलं नाही असं कोणी म्हणू नका. त्याने दिलेला ईआयएन, म्हणजे संस्थेचा टॅक्स नंबर, मी आयआरएसच्या (अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या) साइटवर टाकला, संस्था निघाली, देणगीला पात्र. नावात एक शब्द वेगळा होता आणि गाव दुसऱ्याच राज्यातलं होतं, तो म्हणाला तेच आमचे फिस्कल स्पॉन्सर. आता असं खरंच असतं, छोट्या संस्था मोठ्या संस्थेच्या नोंदणीखाली चालतात, मग मी का नाही विश्वास ठेवायचा? पण खरा फिस्कल स्पॉन्सर असेल तर पैसे त्याच्याच खात्यात जातात. नंबर कोणीही कोणाचाही देऊ शकतं, त्या संस्थेला स्वतः शोधून फोन करा. आपल्या देणगीत कंपनी तेवढीच भर घालते, त्या माझ्या कंपनीच्या मॅचिंग पोर्टलवर पण ही संस्था सापडेना, त्यावर 'नवीन आहोत, नाव चढायला वेळ लागतो'.

तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. फोनवरच्या ॲपमधून पैसे पाठवताना स्क्रीनवर संस्थेचं नाव नाही, एका बाईचं नाव आलं. खाली ॲपने विचारलं होतं, या व्यक्तीला तुम्ही ओळखता का? अंगठा बटणावर होता. मी त्याला विचारलंसुद्धा! तो म्हणाला खजिनदार आहेत, स्पॉन्सरच्या खात्यातून गेलं की ७ टक्के कापतात, ते कुटुंबाचेच जातात ना. आणि मी दाबलं. ७ टक्के वाचवायला सगळेच घालवले. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

२५० डॉलर किंवा जास्त देणगी असेल तर टॅक्ससाठी लेखी पोच लागते, ती मागितली तर तो उलट परमिटसाठी आणखी ९०० मागायला लागला. तेव्हा मी त्याने पाठवलेल्या पत्त्यावर गेले. साफ केलेला प्लॉट, कडेला एक अर्धं जळून पुन्हा फुटलेलं संत्र्याचं झाड, आणि टेप घेऊन माप घेणारे सत्तरीचे गृहस्थ. मी फोनमधला फोटो दाखवला. घर त्यांचंच, फोटो त्यांचाच, आणि त्यांना यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं, एक सेंट मिळालेला नाही. त्यांनीच सांगितलं की त्यांच्या खऱ्या केस मॅनेजरने मदत देणाऱ्यांपुढे केस मांडताना त्यांचं नावसुद्धा घेतलं नव्हतं, आणि मंजूर झालेले पैसे थेट कॉन्ट्रॅक्टरला जातात. कोणी तुम्हाला आगग्रस्ताचा पूर्ण पत्ता फोटोसकट पाठवला तर तिथेच थांबा.

मग तक्रारी. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, म्हणजे फसवणूक नाही. अहो, मग फसवणूक म्हणजे काय, बंदूक दाखवून घेतात ती? पोलिसांकडे गेले तर पहिला प्रश्न हद्दीचा, कारण अल्टाडिना शहरच नाही, काउंटीत येतं, मी राहते दुसऱ्या शहरात, आणि माणूस कुठे बसलाय देव जाणे. एका ठाण्यातून दुसऱ्यात, तिथून ऑनलाइन फॉर्म भरा. सायबर पोर्टलवर सगळं भरलं, स्क्रीनशॉट, खात्याचं नाव, नंबर, तारखा, उत्तर म्हणून एक आपोआप आलेलं ईमेल. राज्याच्या एका खात्याने कळवलं की आम्ही वैयक्तिक प्रकरणात लक्ष घालत नाही. ज्या बाईच्या खात्यात पैसे गेले तिचं नाव आहे, बँक आहे, वेळ आहे, आणखी काय द्यायचं यांना? आणि वर काउंटरवरचा एकजण मला म्हणतो, पुढच्या वेळी काळजी घ्या.

कॅलिफोर्नियात देणगी मागणाऱ्या संस्थेला बहुतेक वेळा ॲटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) नोंदवहीत नाव घालावंच लागतं, ती ऑनलाइन फुकट बघता येते, 'करंट' (नोंदणी चालू) लिहिलंय का बघा, 'डेलिंक्वंट' (कागदपत्रं थकलेली) असेल तर देऊ नका. हे मला पैसे गेल्यावर कळलं. आणि द्यायचं थांबवू नका, त्या गृहस्थांच्या घराचा अजून पायासुद्धा झालेला नाही.

तो फ्लायर तुमच्या ग्रुपवर आला असेल तर डिलीट करू नका. नंबर, कोणी फॉरवर्ड केला आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून तक्रार करा, पैसे गेले नसले तरी करा.